पूर्ण खाल्लेलं पान

पहाटे पावणेसहाला पुलावर पाऊल ठेवलं तेव्हा दिसण्यासारखं काही नव्हतं. खाली धुकं, वर धुकं, मध्ये पायाखालची ओली फळी. कठड्याच्या पोलादी दोरावर रात्रभर थेंब जमलेले होते. हात टेकला की ते मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळायचे. मग नदीच्या बाजूनं कुठूनतरी गिबन या वानराची मादी गायला लागली. आधी सुटे सुटे लांब सूर, वर वर चढणारे, आणि शेवटी पाण्यात बुडबुडे फुटावेत तशी द्रुत लय. पलीकडच्या टेकडीवरून दुसरीनं उत्तर दिलं. जंगल दिसण्याआधी मला ऐकू आलं, आणि पुढचे तीन आठवडे रोज ते याच क्रमानं भेटत राहिलं.

बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाला मलेशियाचं सबा राज्य आहे. तिथलं दानुम खोरं म्हणजे ४३८ चौरस किलोमीटरचं राखीव वर्षावन. लहाद दातू गावातून निघालं की कच्च्या रस्त्यानं दोन-अडीच तास लागतात. जगातली काही सर्वांत उंच झाडं याच खोऱ्यात आहेत. पिवळ्या मेरांतीचं एक झाड २०१९ साली माणसानं टोकापर्यंत चढून, टेप सोडून मोजलं तेव्हा १००.८ मीटर भरलं. अशा झाडांच्या पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की मान दुखते आणि हाती काही लागत नाही. माथ्यावर पडणाऱ्या उन्हातला शंभरातला एखाद-दुसरा भागच जमिनीपर्यंत पोहोचतो. खाली सगळं हिरवट काळोखात, ओलं, जळवांचं. पक्षी दिसलाच तर त्याचं पोट दिसतं. चोच, डोळे, पाठीचा रंग, तो काय खातोय, हे सगळं वरच्या मजल्यावर चाललेलं असतं आणि खाली आपल्या अंगावर पडतात ती फक्त सालं आणि बिया.

म्हणून पूल. झाडांच्या मधून, २६ मीटर उंचीवर, एका खोडाकडून दुसऱ्या खोडाकडे जाणारी दोरांवरची अरुंद वाट, आणि खोडाभोवती उभं राहण्यापुरता लाकडी ओटा. ही कल्पना जुनी आहे. इलार मूल यांनी मलेशियाच्याच जंगलात असा पूल बांधून, कोणते सस्तन प्राणी जंगलाच्या कोणत्या मजल्यावर वावरतात याचा अभ्यास केला होता. त्यांचा आणि लिम बू लिआत यांचा त्याविषयीचा लेख १९७० साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात आला. दोरावरून चढणाऱ्याला एकच झाड मिळतं आणि हात-पाय दोरात गुंतलेले राहतात. पुलावर माणसाला वही उघडता येते, दुर्बीण लावता येते, रोज त्याच जागी परत येता येतं. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, पण ते मला जायच्या आधी कळलं नव्हतं.

पूल हलतो. पुस्तकात हे वाचलेलं असतं, तरी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत त्याचा अर्थ समजत नाही. वीस पावलं मागे कोणी पाय बदलला तरी समोरची फांदी चौकटीतून निसटते. त्यामुळे आपोआप शिस्त लागते: चालायचं तेव्हा चालायचं, थांबल्यावर पूल निवेपर्यंत श्वाससुद्धा हळू घ्यायचा, आणि मगच बघायचं. ओट्यावर बरं असतं, पण तिथेही वारा सुटला की अख्खं झाड सावकाश झुकतं आणि सावकाश परत येतं.

माझ्यासोबत एक वाटाडे होते. मलय भाषेत थोरल्या भावाला अबांग म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणायचे. ते मला अडिक म्हणत, म्हणजे धाकटं भावंड. वय साठीच्या जवळ, तरुणपणी अभ्यासकांच्या हाताखाली काम केलेलं, आणि तेव्हापासून स्वतःची वही ठेवायची सवय लागलेली. पुलाच्या मधल्या ओट्यासमोर एक फायकस होता, आपल्या वडा-उंबराच्या कुळातला, दुसऱ्या झाडाला मिठी मारून वाढलेला. त्यावर फळं धरली होती. अबांगची पद्धत सोपी होती. दहा मिनिटं बघायचं, त्या वेळात झाडावर काय आलं ते लिहायचं, पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा दहा मिनिटं. रकाने दोन: ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’. मला त्यांच्याकडून हे शिकायचं होतं. बाकी कसलाही मोठा हेतू घेऊन मी गेले नव्हते.

पहिल्या दहा मिनिटांत काही आलं नाही. मी ती ओळ तशीच सोडून पुढची वेळ लिहायला घेतली. अबांगनी मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं.

“शून्य लिही, अडिक.”

“पण काहीच आलं नाही, अबांग.”

“म्हणूनच लिही. नुसतं मोकळं सोडलंस तर उद्या वाचणाऱ्याला काय कळणार? तुला झोप लागली होती, पाऊस आला होता, का झाडावर कोणी आलं नाही? शून्य लिहिलंस की कळतं, तू इथे होतीस, डोळे उघडे होते, आणि कोणी आलं नाही.”

मी शून्य लिहिलं. त्या सकाळी आणखी सात लिहिली.

तेव्हा मला झाडांच्या माथ्यांचा अभ्यास करणाऱ्या मेग लोमन यांच्या पानांची गोष्ट आठवली, आणि ती खऱ्या अर्थानं तिथेच समजली. १९७९च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या वर्षावनात त्या दोराच्या साह्यानं झाडांवर चढायला लागल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. किडे झाडांची किती पानं खातात? तोवरची रीत अशी की खालून हाताला येतील त्या फांद्यांची पानं तोडायची, त्यांतला किती भाग कुरतडलाय ते मोजायचं आणि शेकडेवारी काढायची. लोमन यांनी वेगळं केलं. वर जाऊन, फांदीवरच्या जिवंत पानांवर न पुसणाऱ्या पेनानं क्रमांक घातले आणि महिनोन्‌महिने, पुढे वर्षानुवर्षं, तीच पानं तपासली. त्यांचं उत्तर जुन्या अंदाजांपेक्षा बरंच मोठं आलं. कारण सरळ आहे. तोडून आणलेल्या पानांत अर्धं खाल्लेलं पान सापडतं, भोकं पडलेलं सापडतं. पूर्ण खाल्लेलं पान कोणाच्या हातात येणार? ते फांदीवर नसतंच. त्याला आधी क्रमांक दिलेला असेल, तरच ते गेल्याचं कळतं. याच कामातून सावलीतली काही पानं दहा वर्षांहून जास्त जगतात हेही पुढे आलं. एकाच पानाला दहा वर्षं भेटायला जाणारी बाई! मला ही विज्ञानातली फार मोठ्या जिव्हाळ्याची गोष्ट वाटते.

तर चौथ्या दिवसापर्यंत वहीत शून्यंच जास्त. पाचव्या दिवशी फायकसची फळं पिकायला लागली.

आपण दुर्मिळ गोष्टीला उंबराचं फूल म्हणतो. खरं तर उंबराला फुलं भरपूर असतात, ती फळाच्या आत असतात इतकंच. आपण ज्याला फळ म्हणतो ती आतल्या बाजूनं फुलं लागलेली बंद पिशवी. तिच्या तोंडातून इवलीशी गांधीलमाशी आत घुसते. घुसताना बहुधा तिचे पंख तुटतात, म्हणजे ती परत यायच्या बोलीनं जातच नाही. आत परागीकरण होतं, ती अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या मुली पंख घेऊन बाहेर पडतात आणि दुसरं झाड शोधतात. आता या माश्या थोडेच दिवस जगतात, त्यामुळे त्यांना जंगलात कुठे ना कुठे योग्य अवस्थेतलं झाड कायम लागतं. म्हणून या कुळातली झाडं एकाच हंगामात बहरून मोकळी होत नाहीत. एक संपलं की दुसरं सुरू असतं. बाकीचं जंगल फळांशिवाय असतं तेव्हाही फायकस कुठेतरी पिकलेला असतो, आणि अर्ध्या जंगलाचं पोट त्यावर भरतं. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची माशी धनेशाला जगवते, असं म्हटलं तर ते खोटं नाही.

पहिले आले तांबट, मग बुलबुल, मग हिरव्या हरियालांचा थवा. हा थवा इतका अलगद उतरला की पानंच जागा बदलतायत असं वाटलं. शेकरूच्या जवळच्या नात्यातली एक फिकट मोठी खार मागचे पाय फांदीला अडकवून उलटी लोंबकळत खात होती. आठव्या दिवशी सकाळी ‘पाहिलं’च्या रकान्यात एका वेळी अकरा जातींची नावं झाली आणि माझा हात भरून आला. खालून हेच झाड बघितलं असतं तर मला बहुधा पानांची सळसळ आणि टपटप पडणारी फळं एवढंच कळलं असतं. मुद्दा नुसत्या उंचीचा नसतो. समोरचा जीव आणि आपण एका पातळीवर असतो. त्याला मान वाकवून खाली बघावं लागत नाही, आपल्याला वर बघावं लागत नाही. हरियालाच्या डोळ्याभोवतीची बारीक कडी दिसते. तो फळ गिळताना गळा कसा फुगतो ते दिसतं.

आणि नवव्या दिवशी ती आली. आधी दूरवर फांद्या मोडल्याचा आवाज. वारा नव्हता, तरी एकामागून एक माथे आपल्याकडे वाकत येतायत असं दिसलं. अबांगनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली, म्हणजे हलू नकोस. ओरांगउटानची मादी, पोटाशी बिलगलेलं पिल्लू. एका झाडाला स्वतःच्या वजनानं झुलवत तिनं पुढच्या झाडाची फांदी धरली, दोन्ही झाडं क्षणभर तिच्या अंगाच्या पुलानं जोडली गेली, आणि मग पहिलं झाड तिनं सोडून दिलं. फायकसवर येऊन ती बसली आणि खायला लागली. घाई कसली नाही. फळ ओठांनी चाचपायची, एखादं नाकारायची. पिल्लू तिच्या तोंडातून पडलेले तुकडे उचलायचं. एकदा तिनं आमच्याकडे पाहिलं. ओळख नव्हती, भीती नव्हती, पाहिलं आणि पुन्हा फळाकडे वळली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि दुर्बीण धुरकटली. त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. या माद्या सात-आठ वर्षांच्या अंतरानं एक पिल्लू वाढवतात. ते पिल्लू त्या झाडाची वाट आईच्या पोटाशी शिकत होतं.

दुसऱ्या दिवशी अबांगनी तिचं घरटं दाखवलं. फांद्या वाकवून, एकमेकींत मुरडून केलेला पलंग. ओरांगउटान जवळजवळ रोज नवं करतात. पानं अजून हिरवी होती, ती तिथे नव्हती. जंगलात किती ओरांगउटान आहेत हे ठरवताना बहुतेक वेळा अशी घरटीच मोजतात, कारण प्राणी नजरेला पडणं कठीण. घरटं किती दिवसांत सुकून विस्कटतं याचा हिशेब धरायचा आणि त्यावरून संख्येचा अंदाज करायचा. उठून गेलेल्यांची गणती.

माथ्यावरच्या मोजणीत न दिसणाऱ्याचा प्रश्न सतत येतो, हे मला तिथे रोज थोडं थोडं कळत गेलं. कीटकांचे अभ्यासक टेरी अर्विन यांची पनामातली मोजणी प्रसिद्ध आहे. लुएहेआ नावाच्या एकाच जातीची १९ झाडं त्यांनी कीटकनाशकाच्या धुरानं धुपवली आणि खाली पडलेले भुंगेरे गोळा केले. सुमारे १२०० जाती निघाल्या. त्यावरून १९८२ साली त्यांनी अंदाज मांडला की उष्ण प्रदेशांत कीटक आणि त्यांच्या नातलगांच्या ३ कोटी जाती असाव्यात. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा बराच खाली आणला. तरी माथ्यावर आपल्याला माहीत नसलेलं केवढं जग आहे ही जाणीव त्या एका छोट्या लेखानं दिली. पण धुरानं पडतात ते उघड्यावर असणारे. जे आत दडून बसलेत त्यांचं काय?

आमच्या ओट्यापासून हाताच्या अंतरावर एक नेचा होता. पक्ष्याच्या घरट्यासारखा असतो म्हणून त्याचं इंग्रजी नावही तेच. मोठी लांब पानं गोल उभी, मधे खोलगट परडी, आणि वरून गळणारा सगळा पालापाचोळा त्या परडीत. तो कुजतो, त्याची माती होते, जमिनीपासून २६ मीटर वर. बोट घातलं तर गार, ओलं, काळं. फार्नन एलवूड आणि विल्यम फॉस्टर यांनी याच दानुममधले हे नेचे तपासले होते. मोठा नेचा ओला असताना २०० किलोपर्यंत भरतो, आणि त्यातल्या किड्या-मुंग्यांचं एकूण वजन झाडाच्या बाकी सगळ्या माथ्यावरच्या किड्यांच्या वजनाइतकं असू शकतं, असं त्यांना आढळलं. २००४ साली हे ‘नेचर’मध्ये आलं आणि माथ्यावरच्या जीवभाराचा अंदाज एकदम दुप्पट करावा लागला. किडे होतेच, मोजणीत नव्हते. नलिनी नाडकर्णी यांनी १९८१ साली दाखवलेली गोष्ट तर मला अजून विलक्षण वाटते. झाडं स्वतःच्या फांद्यांवर साठलेल्या अशा मातीत, फांदीतूनच मुळं फोडतात आणि तिथलं अन्न घेतात. जमिनीत पाय रोवलेलं झाड, आणि डोक्यावर साठलेल्या ओंजळभर मातीतही त्याचा एक हात.

संध्याकाळी मी बहुतेक वेळा लिहीत नसे, नुसती बसे. सहाच्या सुमाराला सिकाडा नावाचा मोठा कीटक कर्णा फुंकल्यासारखा ओरडतो. तिथे त्याला सहा वाजताचा सिकाडाच म्हणतात. मग उडती खार खोडावर चढून जाते, क्षणभर थांबते, आणि पाय पसरून काळोखात घसरत जाते. बोर्निओच्या जंगलात असं तरंगणारे जीव फार आहेत: खारी, कोलुगो, सरडे, बेडूक, सापसुद्धा. कोलुगो हा अंगाभोवती कातडीचा पडदा असलेला सस्तन प्राणी, तो एका झेपेत शंभर मीटरच्या पुढे जातो. एका रात्री भाजलेल्या मक्याच्या लाह्यांसारखा वास आला आणि अबांग कुजबुजले, “बिंटुरोंग.” उदमांजराच्या नात्यातला, झाडांवर राहणारा प्राणी. दिसला नाही. त्यांनी अंधारातच वही उघडली. वासाचा रकाना नव्हता. त्यांनी समासात लिहिलं.

शेजारच्या सारावाक राज्यात लांबिर टेकड्या आहेत. तिथे क्योतो विद्यापीठाचे तामिजी इनोउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ पासून झाडांवर मनोरे आणि त्यांना जोडणारे पूल उभारून काम सुरू केलं. त्यांना महाफुलोरा बघायचा होता. या जंगलांतली मेरांतीच्या कुळातली झाडं वर्षानुवर्षं फुलत नाहीत आणि मग दोन ते दहा वर्षांतून केव्हातरी, बहुधा एखाद्या कोरड्या किंवा गार दिवसांच्या टप्प्यानंतर, शेकडो जाती एकत्र फुलतात. तारीख कोणी सांगू शकत नाही. म्हणजे काम काय, तर रोज वर जायचं, त्याच फांद्या बघायच्या, आणि फूल नाही असं लिहायचं. आठवड्यामागून आठवडा. १९९६ साली फुलोरा आला. आग्या माश्या कुठून कुठून आल्या आणि उंच झाडांवर मोहळं लटकली. कोणत्या फुलावर कोण येतं याच्या नोंदींनी वह्या भरल्या. सप्टेंबर १९९७ मध्ये मिरी शहराकडे निघालेलं इनोउए यांचं विमान लांबिरच्याच टेकड्यांवर कोसळलं आणि ते गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनी काम थांबवलं नाही. मी त्या पुलांवर गेलेले नाही. पण दानुममध्ये शून्य लिहिताना कितीतरी वेळा त्या चार वर्षांतल्या पानांचा विचार मनात यायचा. ती शून्यं नसती तर १९९६च्या आकड्यांना काय अर्थ राहिला असता?

पुलावरून दिसतं ते मोजक्या झाडांचं जग, हेही मला मान्य केलं पाहिजे. पूल जिथे बांधता येतो तिथेच बांधला जातो, मजबूत झाडांमध्ये, आणि रोजच्या माणसांना सरावलेले प्राणीच तिथे जास्त दिसत असणार. त्यावरून अख्ख्या जंगलाबद्दल बोलताना जपून बोलावं. म्हणूनच पनामात १९९० पासून बांधकामाची क्रेन जंगलात उभी करून तिच्या पाळण्यातून अभ्यास झाला, फ्रेंच गयानात १९८६ साली फ्रान्सिस अले यांच्या चमूनं फुगवलेला तराफा झाडांच्या शेंड्यांवर टेकवला. त्यांचा आवाका मोठा. पण पूल तिथेच राहतो. उद्या सकाळी त्याच फांदीसमोर परत उभं राहायचं असेल तर मला पूलच हवा.

सतराव्या दिवसानंतर फळं सरली. हरियाल गेले, खार एकदा येऊन फांद्या हुंगून गेली. दोन आठवडे गजबजलेलं झाड पुन्हा नुसतं झाड झालं. मला उदास वाटलं. अबांग मात्र त्याच वेळेला, त्याच दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते.

शेवटच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की फायकससुद्धा दिसत नव्हता, फक्त त्याची जागा ठाऊक होती. वही माझ्या मांडीवर. सात मिनिटं गेली. मग डोक्यावरून, धुक्याच्या आतून, कोणी मोठं सूप सावकाश पाखडतंय असा आवाज आला. एक फडक, मग दुसरी, मग जरा मागून तिसऱ्याच लयीत आणखी एक. धनेश, बहुधा जोडी. आवाज झाडाच्या जागेपाशी आला, थांबला नाही, पुढे नदीकडे गेला. मी वर बघत राहिले. पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

“किती?” अबांगनी विचारलं.

“दोन असावेत.”

“असावेत?”

मी पुन्हा कान दिला. लांबून, अगदी पुसट, दोन वेगवेगळ्या लयी. “दोन,” मी म्हटलं.

दहा मिनिटं पूर्ण झाली. ‘पाहिलं’च्या रकान्यात मी शून्य लिहिलं. ‘ऐकलं’च्या रकान्यात लिहिलं, धनेश २, थांबले नाहीत, नदीकडे. वहीच्या पानावर दोराचा एक थेंब पडला होता. तो बाहीनं टिपला आणि वही अबांगच्या हातात दिली.